तुम्ही विचारलंत म्हणून: दिसत नसलेल्यांसाठी इंटरनेट रेडिओ कोणता?

गणपती जवळ आले की चाकरमान्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. "गावी बाबांना आता अजिबात दिसत नाही. दिवसभर रेडिओ लागतो, पण घर डोंगराच्या कुशीत, एफएम नुसतं खरखरतं. इंटरनेटवरचा रेडिओ घेतो म्हणतोय, कोणता घेऊ?"

नाव सांगण्याआधी आमचा एक उलट प्रश्न असतो. तो रेडिओ गप्प झाला, तर का गप्प झाला हे बाबांना कसं कळणार? जुना ट्रान्झिस्टर मुका झाला तर सेल संपले किंवा काटा सरकला, एवढंच. दोन्ही हाताला कळतं. इंटरनेट रेडिओ वीज गेली, राउटर अडकला, वाय-फाय तुटलं, स्टेशनचा सर्व्हर बसला, आवाज शून्यावर गेला, यांतल्या कशानंही मुका होतो, आणि कारण लिहितो ते स्क्रीनवर. खरेदी या एका कसोटीवर करा, बाकी आवाजाचा दर्जा वगैरे नंतर बघू.

दुकानात 'इंटरनेट रेडिओ' म्हणून जो देखणा लाकडी डबा मिळतो, तो या कसोटीत बहुतेक वेळा नापास होतो. त्याचं गोल बटण कितीही फिरवलं तरी फिरतच राहतं, त्याला सुरुवात नाही की शेवट नाही, त्यामुळे यादीत आपण कुठे आहोत ते बोटांना समजत नाही. वाय-फायचा पासवर्ड त्याच बटणानं एकेक अक्षर निवडून भरायचा. शिवाय असे बरेच डबे स्टेशनांची यादी एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवरून घेतात. रेसिव्हा नावाची अशी यादीसेवा २०२१ मध्ये बंद झाली आणि तिच्यावर चालणारे अनेक धडधाकट रेडिओ जगभर निकामी झाले.

तरीही डबाच घ्यायचा असेल तर प्रीसेटची (एका दाबात ठरलेलं स्टेशन लावणारी) स्वतंत्र, दाबल्यावर खाली जाणारी बटणं असलेला घ्या. टचवाला नको. डोळस माणसानं एकदा बसून स्टेशनं लावायची आणि प्रत्येक स्टेशन चालू असताना त्याचं बटण दाबून धरून ते साठवायचं. खुणेसाठी टिकली किंवा चिकटपट्टी लावू नका, पावसाळ्यात आठवड्यात सुटते. एम-सीलचे दोन्ही भाग सारखे घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळा, मुगाएवढी गोळी करा, बटण आधी स्पिरिटनं पुसून कोरडं करा आणि मग ती बसवा. रात्रभर हात लावायचा नाही. सगळ्या बटणांवर खुणा केल्या तर खूण कुठलीच राहत नाही. पहिल्या स्टेशनावर एक आणि चालू-बंदवर एक, पुरे.

साठवताना एक युक्ती करा. पहिल्या बटणावर आकाशवाणी असेल तर दुसऱ्यावर आकाशवाणीचं न ठेवता भलत्याच कुणाचं स्टेशन ठेवा. पहिलं गप्प आणि दुसरं वाजतंय, तर बिघाड स्टेशनकडे आहे, वाट बघायची. दोन्ही गप्प असतील तर बहुधा घरचं इंटरनेट गेलंय. फायबरच्या डब्यावरचा लाल दिवा ज्याला दिसत नाही, त्याला ही दोन बटणं तेच सांगतात.

खास दृष्टिहीनांसाठी बनवलेली यंत्रंही आहेत. ह्यूमनवेअरचं व्हिक्टर रीडर स्ट्रीम त्यांतलं ठाऊक असलेलं नाव. जुन्या फोनसारखा आकड्यांचा कीपॅड, पाचवर उंचवटा, प्रत्येक बटण दाबल्यावर बोलणार. इंटरनेट रेडिओ, पॉडकास्ट आणि बोलकी पुस्तकं एकाच यंत्रात. वाय-फाय तुटलं तर तोंडानं सांगतं. आमच्या कसोटीत हे सरळ पास. पण किंमत जड, बाहेरून येणारी वस्तू, आणि बिघडलं तर चिपळूणला किंवा कुडाळला दुरुस्त होईल ही आशा नको. मेनू कोणत्या भाषेत बोलतो ते घेण्याआधी बाबांनाच ऐकवा.

स्मार्ट स्पीकर सगळ्यांत सोपा वाटतो, आणि बऱ्याच घरांत आम्ही तोच सुचवतो. निदान "इंटरनेटला जोडता येत नाही" असं तो बोलून दाखवतो. अडचण भाषेची. ॲमेझॉनच्या स्पीकरमधल्या अलेक्साशी हिंदीत किंवा इंग्रजीत बोलावं लागतं, आणि 'रत्नागिरी', 'अस्मिता' ही आकाशवाणीच्या स्टेशनांची नावं मालवणी हेलात तिच्या कानात शिरतीलच असं नाही. म्हणून अलेक्साच्या ॲपमध्ये 'रुटीन' (ठरावीक शब्दांना ठरावीक काम) करा: "रेडियो एक" म्हटलं की अमुक स्टेशन, "रेडियो दो" म्हटलं की तमुक. ज्यांनी ऐकायचंय त्यांच्याच तोंडून तपासा, मुंबईच्या नातवाच्या नको.

खर्च करायचाच नसेल तर घरातला अँड्रॉइड फोन आहेच. आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून धरली की टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी सोय, चालू होतं (शॉर्टकट बंद असेल तर सेटिंगमधून), आणि गुगलच्या आवाजात मराठी आहे. प्रसार भारतीच्या न्यूजऑनएअर ॲपवर आकाशवाणीची रत्नागिरी आणि मुंबईची अस्मिता मिळते. नागपूरहून २०२२ मध्ये सुरू झालेला 'रेडिओ अक्ष' तर दृष्टिहीन श्रोत्यांसाठीच आहे आणि तो इंटरनेटवर ऐकता येतो. ॲपमध्ये एखाद्या बटणाला नाव दिलेलं नसेल तर टॉकबॅक नुसतं 'बटण' म्हणतं. अशा वेळी तीन बोटांनी टॅप करून टॉकबॅकचा मेनू उघडा आणि त्या बटणाला आपलं लेबल द्या. नव्या फोनांत दोन बोटांनी दोनदा टॅप केलं की चालू गाणं थांबतं, पुन्हा तसंच केलं की सुरू होतं. रेडिओ दहा मिनिटांनी आपोआप बंद पडत असेल तर दोष बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगचा असतो. त्या ॲपवरची बॅटरीची मर्यादा काढून टाका.

डेटाची धास्ती घेऊ नका. ६४ केबीपीएसचं स्टेशन तासाला सुमारे २९ एमबी खातं, १२८ केबीपीएसचं ५८. रोजच्या दीड जीबीत १२८चं स्टेशन चोवीस तास वाजूनही थोडं उरतं.

खरी रड वाय-फायची. राउटर माजघरात, बाबा पडवीत, आणि मध्ये चिऱ्याच्या जाड भिंती. वाय-फायच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झ तिथे मरतं, २.४ निभावून जातं, आणि बरेच स्वस्त रेडिओ पकडतातही फक्त २.४. राउटरमध्ये दोन्हींना एकच नाव असेल तर २.४ला वेगळं नाव द्या. पुढे कधी राउटर बदलला तर नव्यालाही जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड ठेवा, म्हणजे रेडिओला हात न लावता तो जोडला जातो. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. वीज जाते तिथे राउटरला छोटा यूपीएस लावा, मात्र अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून. आणि कडकडाट सुरू होण्याआधीच प्लग काढायला विसरू नका.

एक बारीक गोष्ट घरच्यांना सांगून ठेवा. इंटरनेटवरचं प्रसारण काही सेकंद, कधी अर्धा-पाऊण मिनिट मागे असतं. बातम्यांआधीच्या टोल्यांवर घड्याळ लावू नये, आणि क्रिकेट असेल तर विकेट शेजारच्या खळ्यातून आधी ऐकू येईल.

आणि जुना सेलवरचा रेडिओ भंगारात देऊ नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं तेव्हा खांब पडले, मोबाईलचे टॉवर बसले, आणि इंटरनेटवर चालणारी एकूण एक वस्तू निकामी झाली. एफएम धड लागत नसलं तर रेडिओला मीडियम वेव्हही आहे ना ते बघा. तो डोंगर ओलांडून येतो, आणि खरखर वाढली तर डबा आडवा ठेवून हळूहळू फिरवला की एका दिशेला आवाज उजळतो. सेल आत ठेवून महिनोन्‌महिने विसरू नका, खाऱ्या हवेत पत्र्यांवर हिरवट बुरशी चढते. मे महिन्यात पत्रे बारीक पॉलिश पेपरनं घासा, सेल बाहेर डब्यात ठेवा, आणि घालताना स्प्रिंगकडे सपाट बाजू हे बाबांच्या बोटांना एकदा दाखवून द्या.