फिलिप्पै, नोंद ७: ८३व्या वचनापाशी गाडी थांबली, आणि चूक माझीच निघाली

मागच्या नोंदीत मी जरा फुशारकीनेच लिहिलं होतं की बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र पाठ करताना तिसरा अध्याय संपला, १०४ पैकी ८१ वचनं झाली, आता उरली फक्त २३. "उतार लागला" असंही म्हटलं होतं. ते शब्द मागे घेते. गेले तीन आठवडे आमचा बारा जणांचा गट ४:२ वर (चौथा अध्याय, दुसरं वचन), म्हणजे ८३व्या वचनावर, उभा आहे. पाठांतर अडलेलं नाही, वचन सगळ्यांना येतं. पाठ म्हणून गटात पाठवायच्या ध्वनिफिती यायच्या थांबल्या आहेत.

आधी बरं काय झालं ते सांगते, म्हणजे पुढचं रडगाणं निवांत गाता येईल.

३:१ वरून थेट ४:४ वर उडी पडते ती माझी जुनी खोड अखेर गेली. दोन्हीकडे "प्रभूमध्ये आनंद करा" आहे, त्यामुळे बेसावध क्षणी जीभ एक अख्खा अध्याय गिळायची. भरीला ३:१ मध्ये पौल, म्हणजे हे पत्र लिहिणारा, "शेवटी" म्हणतो आणि त्यानंतर दोन अध्याय लिहितो. ४:८ मध्ये पुन्हा "शेवटी". (भाषण लांबवणाऱ्यांना पौलाचा आधार आहे म्हणायचा.) यावर सांधा-कार्डांचा उपाय लागू पडला. ज्यांनी नोंद ४ वाचली नाही त्यांच्यासाठी: कार्डाच्या एका बाजूला वचनाचा क्रमांक न लिहिता मागच्या वचनाचे शेवटचे तीन-चार शब्द लिहायचे, दुसऱ्या बाजूला पुढच्याची सुरुवात. आपण वचनाच्या मध्ये क्वचितच अडखळतो, अडखळतो ते सांध्यावर. अँकी या उजळणी-कार्डांच्या ॲपमध्ये २०२३ पासून एफएसआरएस (कुठलं कार्ड पुन्हा कधी दाखवायचं ते ठरवणारी नवी पद्धत) आलं आहे, त्यावर मी ही कार्डं टाकली आणि आता जुन्या पद्धतीकडे परत जाणार नाही. उजळणीचं ओझं कमी झालं. पण क्रमांकावरून अख्खं वचन विचारणारी कार्डं लांब उताऱ्याला निरुपयोगी, हे माझं मत कायम आहे. त्यानं मणी तयार होतात, माळ होत नाही.

दुसरं म्हणजे ४:८. गट थांबला तरी मी एकटी पुढे सरकले होते. माझ्या भाषांतरात ओळीने सहा वेळा "जे काही" येतं आणि मग "जो काही", "जी काही" असं लिंग बदलतं. आधी मला तो अडथळा वाटायचा. आता तीच खूण झाली आहे: "जो" तोंडात आला की समजायचं, यादी संपत आली. मराठीचं व्याकरण अशी फुकट मदत करतं ती घ्यावी.

पौलाच्या कलस्सैकरांस पत्राच्या ९५ वचनांत जे माझ्यासोबत होते त्यांनी विचारलं होतं की दोन्ही पत्रांतली १:९-११ ची प्रार्थना एकमेकींत घुसते का. घुसते. दोन्हीकडे ज्ञान, दोन्हीकडे फळ, आणि क्रमांकही तेच. दोन्ही एका बैठकीत लागोपाठ म्हणणं हाच उपाय सापडला. वेगळ्या दिवशी म्हटल्या की पुन्हा खिचडी.

आता मूळ दुखणं.

नोंद ५ मध्ये मी "तपासनीस" बनवल्याचं कौतुकानं सांगितलं होतं. फीत आली की आवाजावरून मजकूर तयार होतो, तो मूळ पाठाशी ताडला जातो, फरक लाल होतो आणि निकाल सगळ्यांना दिसणाऱ्या तक्त्यात जातो. पहिले दोन आठवडे मजा आली. मग "आणि"च्या जागी "व" म्हटलं तर लाल. "करिता"ऐवजी "करता" म्हटलं तर लाल. "परंतु"चं "पण" झालं तर लाल. यातलं निम्मं बोलणाऱ्याचं नव्हे, मजकूर उतरवणाऱ्या साधनाचं पाप. त्या साधनाचं मराठी अजून बाल्यावस्थेत आहे, ऱ्हस्व-दीर्घाशी तर त्याचं उभं वैर. मी सूट देत गेले, यादी वाढवत गेले. "व" चालेल की नाही यावर गटात दोन दिवस गेले. मी "चालणार नाही" या बाजूची होते. शब्दन् शब्द म्हणजे शब्दन् शब्द.

मग उजळणीत १:१६-१७ आलं. आमच्यात एक ज्येष्ठ काका आहेत. बाकी आम्ही अडखळत रांगतो, ते चालत जातात. त्यांच्या फितीत दोन अख्खी वचनं लाल आली. ऐकलं तर खरंच, १६ च्या जागी १७ आणि १७ च्या जागी १६. मी कळवलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच, तेव्हा मी सगळ्यांसमोर लिहिलं, "काका, अजून उलटंच होतंय, एकदा नीट बघून घ्या ना." काकांनी "बरं" एवढंच लिहिलं. त्यानंतर त्यांची फीत आली नाही.

एक ताई त्यांच्या बाजूने बोलल्या. एकजण म्हणाला, नियम तो नियम. दोन दिवसांत लोक मूळ मुद्दा विसरून २:७ मध्ये ख्रिस्ताने स्वतःला "रिक्त केले" असं आहे त्यावर पोचले. ख्रिस्ताने नेमकं काय सोडलं, काय सोडलं नाही, तोच वाद जो महिन्यापूर्वी कसाबसा मिटवला होता. मग २:१२ निघालं, आपलं तारण (उद्धार) "साधून घ्या" म्हणजे कर्माने का? मी घाईघाईने नियम टाकला: इथे फक्त पाठांतर, शिकवणुकीवर चर्चा नको. नियम पाळला गेला. इतका पाळला गेला की कुणी काहीच बोलेना.

तेव्हा माझं निदान असं होतं की गटाचं लक्ष विचलित होतंय, वादविवाद हाच शत्रू. त्या निदानावर मी लांबलचक नियमावली लिहायला घेतली होती आणि तिचा मसुदा इथेच टाकणार होते. उदाहरणादाखल १:१५-१८ चा गोंधळ मांडायचा म्हणून मी सात-आठ भाषांतरं शेजारी शेजारी उघडली, आणि घामच फुटला.

काका बरोबर होते.

ज्यांना हे आधीच ठाऊक आहे त्यांनी मला हसून घ्यावं. १५व्या वचनात दोन प्रकारचे लोक येतात: काही हेव्याने ख्रिस्ताची घोषणा करतात, काही सदिच्छेने. पुढच्या दोन वचनांत त्याच दोघांचा खुलासा आहे. सिनाय आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत १६ मध्ये प्रीतीने करणारे येतात आणि १७ मध्ये तट पाडणारे. नंतरच्या बहुसंख्य ग्रीक हस्तलिखितांत क्रम उलटा आहे: आधी तटवाले, मग प्रीतीवाले. सोळाव्या शतकात छापले गेलेले ग्रीक पाठ या दुसऱ्या वळणाचे, आणि त्यांवर उभी राहिलेली जुनी भाषांतरंही. म्हणजे ज्याचं भाषांतर त्या पाठावरचं, त्याचं १६ हे माझं १७. वचनांना आकडे मुळात १५५१ मध्ये रोबेर एतिएन या मुद्रकाने ग्रीक नव्या करारात घातले, पौलाने नव्हे. मी मात्र काकांना त्या आकड्यांच्या जोरावर तीनदा लाल केलं.

क्रम का बदलला असावा याचं नेहमीचं स्पष्टीकरण पाठांतर करणाऱ्याला पटकन पटेल. मूळ रचना आरशासारखी आहे: हेवा, सदिच्छा, प्रीती, तट. वाईट-चांगलं-चांगलं-वाईट. कुण्या नकलकाराला ते खटकलं असावं आणि त्यानं १५ च्या क्रमाशी जुळवून शिडी केली: वाईट-चांगलं, वाईट-चांगलं. जीभ शिडीकडेच ओढते, आपण रोज अनुभवतो! आता मी माझ्या सांधा-कार्डावर "आरसा" एवढाच शब्द लिहिला आहे आणि काकांचा क्रम मनात "शिडी" या नावाने ठेवला आहे. दोन्ही म्हणता येतात, एकमेकांत मिसळत नाहीत. या सबंध प्रकरणातली ही एकमेव निखळ कमाई.

आणि उतारा कशाबद्दल आहे? चुरशीने, दुसऱ्याला त्रास व्हावा म्हणून, योग्य तेच काम करणाऱ्यांबद्दल. मी तो घडाघडा म्हणत होते.

काकांना फोन केला. माफी मागितली. ते म्हणाले, "अगं, मला वाटलं माझीच स्मरणशक्ती चालली." हे ऐकून मला काय वाटलं ते लिहीत नाही. त्यांनी प्रत उघडून पाहिली नव्हती का, असं विचारलं. म्हणाले, पाहिली होती, पण यंत्र चुकेल असं वाटलं नाही. गटातही लिहिलं, चूक माझी आणि माझ्या तपासनिसाची, काकांची नाही. त्यावर आठ जणांनी हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. फीत एकाचीही नाही.

तर नियमावली रद्द. वादविवादाने आम्ही थांबलो नव्हतो. "रिक्त केले"वर भांडणारे दोघे त्या काळातही रोज फिती पाठवत होते! लोक थांबले ते चारचौघांत लाल होण्याच्या धास्तीने. मी लक्ष टिकवायला जे यंत्र बसवलं त्यानंच गट गप्प केला. चर्चेसाठी आठवड्यातून एक वेगळी बैठक ठेवू, बस्स, त्यावर आणखी खल नको.

पहिला बेत असा ठरवला: तक्ता बंद. तपासनीस ज्याला हवा त्याने स्वतःपुरता वापरावा, आणि ताडायचा पाठ प्रत्येकाचा स्वतःचा. ज्या भाषांतरात पाठ करायचं ते सुरुवातीला जाहीर करायचं, मध्येच बदलायचं नाही. ऐकणाऱ्याने समोर तेच भाषांतर उघडून ऐकायचं. त्यासाठी जोड्या: सारख्या भाषांतराचे दोघे दोघे. चुका फक्त जोडीदाराला कळवायच्या, इतरांसमोर फक्त "झालं" एवढंच. "व" आणि "आणि"चा निवाडाही जोडीनेच करावा. (मी अजूनही "चालणार नाही" याच मताची आहे, पण आता हळू आवाजात.)

हे इथवर लिहिलं आणि उजळणीची वेळ झाली म्हणून उठले. ४:२ म्हटलं: मंडळीतल्या, आपसात न पटणाऱ्या दोन बायकांना, पौल युवदीयेला विनंती करतो, सुंतुखेला विनंती करतो, एकचित्त व्हा. क्रियापद तेच, पण दोघींसाठी स्वतंत्र, दोनदा. आमच्यातल्या कित्येकांनी दुसरं "विनंती करतो" गाळलं होतं आणि मी ते नुसती पुनरुक्ती म्हणून शिकवत होते. आता वाटतं, एकीला मुख्य आणि दुसरीला शेपूट केलं असतं तर तिथेच नवं भांडण झालं असतं. ती दोन क्रियापदं कुणी गाळू नका.

मग ४:३ म्हटलं आणि मध्येच थांबले. पौल दोघींना सांगून सोडून देत नाही, एका तिसऱ्याला म्हणतो, या दोघींना साहाय्य कर. "खरा सोबती" असा कुणीतरी. ग्रीक शब्द आहे एकाच जुवाखालचा, आणि काहींच्या मते ते त्या माणसाचं नावच असावं. आपलं "जू" आणि तो ग्रीक शब्द एकाच कुळातले. म्हणजे शब्दाने जोडीदार, पण काम तिसऱ्याचं.

जोड्यांचा बेत त्यामुळे अर्ध्या तासात म्हातारा झाला. बारा जण आहोत, तिघातिघांचे चार गट करू. दोघे एकमेकांचं ऐकतील. चूक आहे की भाषांतराचा फरक, अशी शंका आली तर बोलणाऱ्याला न कळवता आधी तिसऱ्याला विचारायचं. तो दोन-तीन भाषांतरं उघडून पाहील आणि मग हळूच सांगेल, किंवा सांगणारच नाही. दर आठवड्याला तिसरा बदलेल. हे चाललं असतं तर १:१६ च्या वेळी पाच मिनिटांत सुटलो असतो. एक अडचण दिसते: भाषांतरं चार आणि माणसं विषम वाटलेली, त्यामुळे एका गटात तिघांची तीन भाषांतरं येतील. तिथे मी जाते. तेवढी शिक्षा मला पुरेशी आहे. कुणी असे तिघांचे गट चालवले असतील तर तिसरा कंटाळतो का ते जरूर कळवा, मला तीच भीती आहे.

गटाला काल रात्री हे लिहिलं. माझ्या तिकडीत एक ताई आणि, त्यांनी स्वतःहून मागून घेतलं म्हणून, काका. काकांची फीत ताईंना ऐकायची आहे, ताईंची मला, माझी काकांना.

नोंद संपवत असताना काकांची फीत आली. ताईंनी ती लगेच माझ्याकडे पाठवली, कारण या आठवड्याचा तिसरा मीच आहे. ८३वं वचन, आवाज ठणठणीत, "विनंती करतो" दोनदा. पण सुंतुखेचं नाव आधी घेतलंय आणि युवदीयेचं मागून. चार भाषांतरं उघडली, मग आणखी तीन. सगळीकडे युवदीया आधी. अजून दोन बघायची राहिलीत. ताईंना सांगितलंय, सकाळपर्यंत थांबा.