शॉकअपला शिव्या घातल्या, दोषी निघालं बेअरिंग

मी ही सायकल घरी आणली तेव्हा सोसायटीच्या वॉचमनकाकांनी गेटवरच विचारलं होतं, "डबल शॉकरची आहे का?" मी म्हणलं हो काका, डबल शॉकरचीच. आता त्यांना मागच्या सस्पेन्शनच्या हॉर्स्ट लिंक, लिव्हरेज रेशो वगैरे भानगडी कुठे सांगत बसू. आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही ते फार काही कळत नव्हतं, सेकंड हँडमध्ये मागे १४० मिमी ट्रॅव्हलवाली (म्हणजे चाक तेवढं वर-खाली होणारी) ॲल्युमिनियमची फुल सस्पेन्शन मिळतेय म्हणल्यावर मी डोळे झाकून घेतली होती.

पहिलं वर्ष मस्त गेलं. मग पावसाळा संपल्यावर मागचं चाक विचित्र वागायला लागलं. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूने उतरताना मोठा दगड आला तर शॉकअप व्यवस्थित बसायचा, पण सुपारीएवढे बारीक खडे असले की सगळं थेट ढुंगणाला कळायचं, जणू मागे सस्पेन्शन नाहीच. मी काय काय केलं बघा. हवा कमी केली, परत वाढवली, सॅग, म्हणजे आपण बसल्यावर शॉक किती दबतो ते, मोजून बघितला (शॉकच्या ५० मिमी स्ट्रोकला ३० टक्के म्हणजे १५ मिमी, शॉकवरची खुणेची ओ-रिंग बरोबर तिथेच येत होती), रिबाउंड (शॉक परत उसळायचा वेग) तीन क्लिक इकडे दोन क्लिक तिकडे, टायर बदलला. शेवटी शॉक काढून सर्व्हिसला बाहेरगावी पाठवला, कुरियरचा खर्च, तीन आठवडे सायकल भिंतीला टेकून. तेवढ्यात रात्री जागून वाचून मी निष्कर्षही काढून टाकला की आपल्या सायकलचं डिझाइनच जुनं आहे, डीडब्ल्यू-लिंक नाहीतर व्हीपीपी अशी वेगळ्या सस्पेन्शन डिझाइनची घ्यायला पाहिजे होती.

शॉक परत आला. वरचा बोल्ट बसवला, खालचं भोक जुळत नव्हतं म्हणून मागचं चाक हाताने उचललं, तेवढ्यात फोन वाजला म्हणून हात सोडला. आणि चाक खाली आलंच नाही. जिथे सोडलं तिथेच, हवेत. शॉक एका बाजूने लोंबकळतोय, त्याचा आधार शून्य, आणि अख्खा स्विंगआर्म, म्हणजे फ्रेमचा मागचा हलता भाग, चाकासकट त्रिशंकूसारखा तरंगतोय. तो स्वतःच्या वजनाने धप्पकन खाली यायला पाहिजे होता. दोन महिने मी ज्या शॉकला शिव्या घालत होतो तो बिचारा निर्दोष, मधली पिव्हटची, म्हणजे सांध्यांची, बेअरिंगच जाम झालेली. मोठ्या धक्क्याला ती जबरदस्तीने फिरायची, बारीक खड्यांना जागची हलायचीच नाहीत.

ही टेस्ट सगळ्यात आधी करायची असते आणि याला पाच मिनिटं लागतात. शॉकचा एक बोल्ट काढा, चाक पूर्ण ट्रॅव्हलभर वर-खाली हलवा. लोण्यासारखं फिरलं पाहिजे आणि सोडल्यावर आपोआप पडलं पाहिजे. अडकत असेल, करकरत असेल, तर शॉकवर एक रुपया खर्च करायच्या आधी बेअरिंग बघा.

बेअरिंग एवढी लवकर का गेली याचा मी नंतर विचार केला. चाकाच्या हबमधलं बेअरिंग पूर्ण गोल फिरतं, ग्रीस सगळीकडे पसरत राहतं. पिव्हटचं तसं नाही. माझ्या मेन पिव्हटपासून ॲक्सलपर्यंत साधारण ४३० मिमी अंतर आहे, त्यात १४० मिमी ट्रॅव्हल म्हणजे बेअरिंग फिरून फिरून फिरणार किती तर जेमतेम १८-१९ अंश, तेही तळापर्यंत बसलं तर. एरवी पाच-सहा अंशात डुलत असतं. म्हणजे तेच चार छर्रे रेसच्या (छर्रे ज्यावर फिरतात त्या कड्याच्या) त्याच जागेवर रोज दाबले जातात, ग्रीस तिथून बाजूला सरकतं ते परत येत नाही, आणि तिथे पाणी शिरलं की संपलं. म्हणून पिव्हटसाठी मॅक्स टाइपची बेअरिंग येतात, त्यात छर्‍यांमधला केज (छर्रे वेगळे ठेवणारी जाळी) काढून टाकून तिथे जास्तीचे छर्रे भरलेले असतात. वेगात फिरायला ती वाईट, पण इथे वेग हवाय कुणाला, भार पेलायचाय.

आणि पाणी कसं शिरलं? ते पाप माझंच. पावसाळ्यात दर रविवारी राइडवरून येताना चिखलाने बरबटलेली सायकल मी गाड्यांच्या वॉशिंग सेंटरला न्यायचो, तो पोरगा प्रेशर गन घेऊन बरोबर बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस बसतो त्या जागेच्या) मागच्या खाचेत धरायचा आणि मी बाजूला उभा राहून म्हणायचो, "दादा, इथे अजून थोडं मार." त्या खाचेतच मेन पिव्हट असतो! बेअरिंगचं रबर सील धूळ अडवायला असतं, प्रेशर गन अडवायला नाही. आता मी बादली, मग आणि जुना टूथब्रश वापरतो.

पहिलं बेअरिंग मी स्वतः काढायला गेलो ते छिन्नी-हातोडी घेऊन. करू नका. आतली रेस आणि छर्रे टपाटप बाहेर आले आणि बाहेरची रेस फ्रेममध्ये तशीच चिकटून राहिली, वर ॲल्युमिनियमच्या कडेला एक ओरखडा पडला तो आजही दिसतो आणि दर वेळी जीव तुटतो. शेवटी फ्रेम घेऊन भोसरीला एका लेथवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं आणि म्हणाले, "भाऊ, हे ठोकून नाय निघायचं, गरम करावं लागंल." हीट गन फिरवली दोनेक मिनिटं, फार नाही, हात लावला तर चटका बसेल इतपत. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे सीट सैल झाली आणि आतून ओठवाला पुलर लावल्यावर रेस टुक्कन बाहेर. कार्बनच्या फ्रेमला मात्र हीट गन अजिबात दाखवायची नाही.

काकांकडूनच मग दोन ड्रिफ्ट (बेअरिंग दाबायच्या चकत्या) लेथवर करून घेतले, बाहेरच्या रेसवर बरोबर बसतील अशा मापाचे. आटेदार रॉड, दोन नट, वॉशर आणि हे ड्रिफ्ट, झाला माझा बेअरिंग प्रेस. तयार किट मिळतं पण त्या किमतीत एक चांगला टायर येतो. बेअरिंग घ्यायला बोहरी आळीत गेलो तर दुकानदार म्हणे, "६९०२ कुठल्या मशीनला लागतंय?" सायकलला म्हणल्यावर त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी गंमत करतोय. नंबर तोंडपाठ झालेत आता: ६९०२ म्हणजे १५ बाय २८ बाय ७, ६९०० म्हणजे १० बाय २२ बाय ६. साधी, दोन्ही बाजूंना रबर सीलवाली टूआरएस लगेच मिळाली, मॅक्स टाइप त्याच्याकडे नव्हती, ती ऑनलाइन मागवली. बसवायच्या आधी सील सुईने अलगद उचलून आत बोटींसाठीचं पाणी न लागणारं ग्रीस अगदी ठासून भरलं. हबमध्ये असं ठासत नाहीत, इथे चालतं.

आदल्या रात्री बेअरिंग आक्रसावीत म्हणून फ्रीझरमध्ये ठेवली होती. सकाळी आईचा आवाज, "हे काय ठेवलंयस मटारात? चाकाचं आहे ना? निदान धुतलंयस तरी का?" पाकीटबंद होती गं, असं म्हणून मी ती घेऊन बाल्कनीत पळालो. थंड बेअरिंग, कोमट फ्रेम, रॉड हळूहळू आवळायचा, बेअरिंग तिरकं जातंय का ते दर अर्ध्या फेरीला बघायचं. तळाला टेकलं की आवाज आणि हाताला लागणारा जोर दोन्ही बदलतं, कळतंच.

हे सगळं करताना डिझाइनबद्दल माझं मत जरा फिरलं. हॉर्स्ट लिंक म्हणजे काय तर मागचा पिव्हट चेनस्टेवर (चेनलगतच्या खालच्या नळीवर), ॲक्सलच्या थोडा पुढे. त्यामुळे चाक सीटस्टेला (वरच्या, सीटकडे जाणाऱ्या नळीला) जोडलेलं राहतं आणि मेन पिव्हटभोवती साध्या वर्तुळात फिरत नाही, ब्रेकचा परिणामही सस्पेन्शनवर कमी होतो. तोच पिव्हट ॲक्सलच्या वर सीटस्टेवर नेला की दिसायला तसंच दिसतं पण चाकाच्या दृष्टीने तो एकाच सांध्याभोवती फिरणारा सिंगल पिव्हटच. दोन-चार इंचांचा फरक, आणि त्यावर केवढं राजकारण! हॉर्स्ट लाइटनर हा मूळचा ऑस्ट्रियाचा, मोटोक्रॉसमधला माणूस, त्याचं या लिंकचं पेटंट स्पेशलाइज्ड कंपनीने १९९८ मध्ये विकत घेतलं आणि ते २०१३ ला संपेपर्यंत अमेरिकेत बाकीच्यांना एक तर लायसन्स घ्या नाहीतर वळसा घालून जा. ट्रेक कंपनीने पिव्हट थेट ॲक्सलवरच नेला, डीडब्ल्यू-लिंकवाल्या डेव्ह वीगलचा स्प्लिट पिव्हटही त्याच जागी. म्हणजे आपण ज्याला महान इंजिनिअरिंग समजून भांडतो त्यातलं बरंच वकिलांनी ठरवलंय.

अँटी-स्क्वॉटचंही तेच. पेडल मारलं की वजन मागे जातं, मागचा भाग बसायला बघतो, चेनची ओढ त्याला उलट उचलते. दोन्ही बरोबर फिटले की शंभर टक्के, त्याहून जास्त असलं तर पेडल मारल्यावर मागचा भाग उलटा ताणला जातो आणि दगडावर पायाला झटके बसतात. आलेख बघायला छान असतात. पण तो आलेख बेअरिंग फिरतंय असं धरून काढलेला असतो ना. साध्या सिंगल पिव्हटला दोन बेअरिंग, माझ्या हॉर्स्टला कमीत कमी आठ. डीडब्ल्यू किंवा व्हीपीपीमध्ये दोन आखूड लिंक, त्यांच्यावर भार भरपूर आणि खालची लिंक बरोबर चिखल उडतो तिथे. सांता क्रूझ कंपनीने तिथे ग्रीस निपल दिलंय, आपल्या रिक्षाला ट्रॅक्टरला असतं तसंच, मला ते अख्ख्या सायकल उद्योगातलं सगळ्यात शहाणं काम वाटतं.

शॉकच्या एअर कॅनची (हवेच्या डब्याची) सर्व्हिस मात्र मी आता घरीच करतो. रॉकशॉक्स ही शॉकची कंपनी दर ५० तासांनी करायला सांगते, आठवड्याला तीन तास धरले तर साधारण चार महिने. आधी प्रेशर लिहून ठेवायचं, मग हवा हळूहळू सोडत शॉक मधेमधे दाबायचा म्हणजे निगेटिव्ह चेंबरची, म्हणजे शॉकला आत ओढणारी, हवाही निघते. मी पहिल्यांदा उत्साहात व्हॉल्व्ह दाबून एकदम फुस्स केलं तर शॉक गोगलगायीसारखा आतच ओढला गेला. परत पंप लावून हवा भरली तेव्हा बाहेर आला. पण पंप लावूनही बाहेर येत नसेल तर तो उघडायचा नाही, आत निगेटिव्हमध्ये दाब अडकलेला असतो आणि कॅन गोळीसारखी सुटू शकते, तसाच सर्व्हिसला द्यायचा. सीलना स्कूटरचं एमपी३ ग्रीस फासू नका, सस्पेन्शनचं पातळ ग्रीस वेगळं येतं. डँपरमध्ये, म्हणजे शॉकच्या तेलाच्या भागात, नायट्रोजन असतो, त्याला मी हात लावत नाही.

अजून एक. सीटला धरून सायकल किंचित उचलली की टक् असा आवाज येत असेल तर बहुतेक शॉकच्या आयलेटचं (बोल्ट जातो त्या भोकाचं) बुशिंग झिजलंय. एकाला उचलायला सांगा आणि आपलं बोट एकेका सांध्यावर ठेवा, जिथे टक् होतं तिथे बोटाला बरोबर कळतं. बुशिंगमध्ये अर्धा मिमी खेळ असला तरी माझ्या सायकलला लिव्हरेज २.८ (शॉक १ मिमी दबला की चाक २.८ मिमी हलतं), म्हणजे चाकाला जवळपास दीड मिमी.

आठपैकी सहा बदललीत. रॉकरची (शॉकला ढकलणाऱ्या लिंकची) दोन हाताला ठीक लागली म्हणून ठेवलीत, पण काल पुसताना डावीकडचं जरा खरखरल्यासारखं वाटलं. ६९०० ची जोडी मागवलीये, फ्रीझरमध्ये जागा करायला आईला आधीच सांगून ठेवलंय.