पोथीच्या शेवटच्या पानानं मिळवून दिलेली शिष्यवृत्ती

अकरावीत अर्धमागधी, म्हणजे जैन आगमांची जुनी प्राकृत भाषा, घेतली ती गुण चांगले पडतात म्हणून. पुढे ती भाषा सुटलीच नाही. एम.ए. झालं, पीएच.डी.ला नाव नोंदवलं आणि विषय घेतला जुन्या मराठीतलं जैन साहित्य, त्यातली एक हस्तलिखित पोथी. आमच्या घरी कुणी जैन नाही. फेलोशिपच्या यादीत नाव आलं नाही. तासिका तत्त्वावर शिकवायचे, पण ते पैसे वर्षातले काही महिनेच आणि तेही उशिरा. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "जैन न्यासांकडे अर्ज कर. हा समाज ज्ञानासाठी देतो." त्या दिवसापासून पहिला हप्ता खात्यात पडेपर्यंत 14 महिने गेले. प्राकृत किंवा जैनविद्या शिकणारी मुलंमुली आता मला याबद्दल विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पहिल्यांदा मी एकच अर्ज 11 ठिकाणी पाठवला. उत्तरं आली चार. एका न्यासाची मदत फक्त जैन विद्यार्थ्यांना होती. दुसऱ्याची मदत म्हणजे बिनव्याजी कर्ज, नोकरी लागल्यावर परत करायचं. ही पद्धत चांगली आहे, कारण परत आलेल्या पैशातून पुढचा मुलगा शिकतो. पण प्राकृतात पीएच.डी. करून नोकरी कधी लागेल हे मीच सांगू शकत नव्हते, तर जामीन कोण राहणार? तिसऱ्या अर्जात अभ्यासक्रमाच्या रकान्यात वैद्यकीय, अभियांत्रिकी, सी.ए. एवढेच पर्याय होते. त्या वेळी मला राग आला होता. नंतर समजलं, की न्यासाचा पैसा न्यासपत्रात लिहिलेल्या उद्देशांपुरताच खर्च करता येतो, विश्वस्तांच्या मनात कितीही असलं तरी. तेव्हा अर्ज लिहिण्याआधी फोन करून "तुमच्या उद्देशांत संशोधन बसतं का, आणि अर्जदार जैनच हवा का," एवढं विचारून घ्यावं. माझे सहा महिने वाचले असते.

चौथ्या ठिकाणी मुलाखतीपर्यंत पोहोचले आणि तिथे चूक माझीच झाली. कुणीतरी सांगितलं होतं की देणगीदारांना पुस्तक आवडतं, मुखपृष्ठाच्या आत नाव छापता येतं. म्हणून मी पोथीच्या 500 प्रती छापायचा खर्च मागितला. एका वयस्क विश्वस्तांनी शांतपणे विचारलं, "ताई, पोथी वाचून झाली का?" नव्हती झाली. जेमतेम आठ पानं उतरवली होती. "मग छापणार काय?" मला उत्तर देता आलं नाही. मला हवे होते वाचायला लागणारे महिने, आणि मी मागत होते कागद आणि शाई. घरभाडं आणि जेवणखाण यांसाठी पैसे मागणं मला कमीपणाचं वाटत होतं, खरी गोष्ट ही होती.

त्यानंतर ग्रंथालयात एक जुनं पुस्तक हाती लागलं, सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेचं. या मालेच्या पुस्तकांत सुरुवातीलाच संस्थापकांचा परिचय असतो. तोवर मी ते पान उलटून पुढे जात असे, त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचलं. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपला पैसा कशाला लावावा हे ठरवण्याआधी देशभर फिरून विद्वानांची मतं घेतली. 1941 मध्ये नाशिकजवळ गजपंथाला विद्वानांना एकत्र बोलावलं, जैन संस्कृती संरक्षक संघ स्थापन केला आणि 30,000 रुपये जाहीर केले. 1944 मध्ये उरलेली सगळी मालमत्ताही, सुमारे दोन लाखांची, त्यालाच देऊन टाकली. याच मालेत आ. ने. उपाध्ये आणि हीरालाल जैन यांनी संपादलेला 'तिलोयपण्णत्ती' हा जुना प्राकृत ग्रंथ निघाला. उपाध्ये म्हणजे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवणारे आपलेच प्राध्यापक. हीरालालजी अमरावतीच्या कॉलेजात होते. 'षट्खंडागम' हा दिगंबरांचा प्राचीन आगमग्रंथ आणि त्यावरची 'धवला' टीका यांचा पहिला खंड 1939 मध्ये अमरावतीहून निघाला, पुढे एकूण 16 खंड झाले, त्यामागे विदिशेचे शेठ लक्ष्मीचंद यांनी दिलेला निधी होता. त्याच्याही आधी या ग्रंथांच्या, कर्नाटकातल्या मूडबिद्रीत असलेल्या ताडपत्रांची नक्कल व्हावी म्हणून सोलापूरचे हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी खटपट केली होती, वर्गणी जमवली होती. नक्कल करणाऱ्या शास्त्र्यांचं घर त्या पैशावर वर्षानुवर्षं चाललं. छापखान्याचं बिल हा त्यातला अगदी शेवटचा खर्च. आज हे ग्रंथ कपाटातून सहज काढून आपण टिपा घेतो, तेव्हा मधली ही सगळी माणसं दिसतच नाहीत. मला त्या दुपारी दिसली आणि मी बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून बसले होते.

माझी पोथी मराठवाड्यातल्या एका छोट्या दिगंबर मंदिराच्या कपाटात आहे. मंदिराचे पंच, ज्यांना मी काका म्हणते, त्यांनी श्रुतपंचमीला बोलावलं. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला शास्त्रं बाहेर काढून पुसतात, नवी वेष्टनं बांधतात, पूजा करतात. पर्स आणि घड्याळाचा चामडी पट्टा बाहेर ठेवून, हात धुऊन मी बसले. काकांनी लाल बासन सोडलं, वरची लाकडी पाटी बाजूला केली. कागद मधाच्या रंगाचा झालेला, दोन्ही बाजूंना हिंगुळाच्या लाल उभ्या रेघा. जिथे पोथी उतरवणाऱ्या लेखकाची चूक झाली तिथे त्यानं पिवळी हरताळ फासून वर नवं अक्षर काढलेलं, अजून चमकणारं. "एखाद्या गोष्टीला हरताळ फासणे" हे आपण रोज बोलतो. तो वाक्प्रचार असा कागदावर पाहिला की हात आपोआप थांबतो.

शेवटचं पान मी तोवर फोटोत पाहिलं होतं, पण फोटो अंधुक होता. आता वाचलं. शके 1712. एका बाईनं व्रताच्या उद्यापनाला ही पोथी लिहवून घेतली आणि मंदिराला दिली, "ज्ञानावरणीयकर्मक्षयार्थ". ज्ञानावर आवरण घालणाऱ्या कर्माचा क्षय व्हावा म्हणून. त्याखाली लेखकाचा नेहमीचा श्लोक: पाठ, कंबर, मान मोडून कष्टानं लिहिलेलं हे शास्त्र जपून सांभाळा. आहार, औषध, अभय आणि शास्त्र या चार दानांची नावं मला पाठ होती, परीक्षेत लिहिली होती. शास्त्रदान म्हणजे लिहिणाऱ्याला बसायला जागा, दोन वेळचं जेवण आणि दिवस मिळवून देणं, हे त्या बाईला 1790 साली ठाऊक होतं. मला मागायची लाज वाटत होती ती नेमकी हीच गोष्ट.

दुसरा अर्ज मी त्या पानाच्या फोटोनं सुरू केला. खाली बाईंची ओळ जशीच्या तशी आणि तिचा अर्थ. मग एक परिच्छेद कर्नाटकातल्या श्रवणबेळगोळचा: "श्री चावुण्डराजें करवियलें" (चावुंडराजानं करवून घेतलं) हे गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेलं वाक्य मराठीच्या सर्वांत जुन्या कोरीव वाक्यांपैकी एक, आणि ते देणाऱ्याची नोंद आहे. मग सरळ हिशेब. पोथीची पानं 62, एका पानाला साधारण पाच दिवस, पाठभेदांची तुलना आणि शब्दसूची धरून 18 महिने. दरमहा 12,000 प्रमाणे 2,16,000 रुपये, प्रवास वेगळा. छपाई शून्य. सोबत आठ पानांचं लिप्यंतर, मार्गदर्शकांचं पत्र आणि मंदिराच्या पंचांचं संमतिपत्र जोडलं. हे संमतिपत्र फार महत्त्वाचं. पोथी कुणाची, ती वाचायची परवानगी आहे का, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी येतोच.

मुलाखतीत पाच जण होते. पहिला प्रश्न अपेक्षित होता, "तुम्ही जैन नाही, मग हे का?" मी म्हटलं, "पोथी मराठी आहे आणि मी मराठी आहे." कुणी पुढे विचारलं नाही. एका बाईंनी फोटो दोनदा जवळ घेऊन पाहिला आणि मला ती ओळ मोठ्यानं वाचायला सांगितली. मी वाचली. त्या म्हणाल्या, "माझ्या आजीनं उद्यापनाला भांडी वाटली होती."

मंजुरी 12 महिन्यांची आली, दरमहा 10,000 आणि प्रवासाचे वेगळे, तीन हप्त्यांत. पैसे माझ्या नावावर थेट न देता संशोधन केंद्रामार्फत आले, त्यासाठी केंद्राचा ठराव लागला आणि त्यात दोन महिने गेले. प्रत्येक हप्त्याआधी विनियोग प्रमाणपत्र (आधीचे पैसे कशावर खर्च झाले त्याचा दाखला) आणि केलेल्या पानांची प्रत द्यावी लागते. एस.टी.ची तिकिटं जपून ठेवा, त्यांची शाई उडते, त्याच दिवशी झेरॉक्स काढा. सहा महिने कमी पडणार आहेत हे मी पहिल्याच अहवालात लिहून टाकलं आणि मुदतवाढीचा अर्ज कधी करायचा तेही विचारून ठेवलं.

ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीबरोबरच प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा अनेकांनी माझं अभिनंदन केलं. आनंद झालाच. पण माझ्या ओळखीतले चार जण अजून तासिकांवर शिकवून रात्री पोथ्या वाचतात आणि त्यांच्यापैकी एकानं यंदा वाचन सोडलं. विश्वस्त हे वाचत असतील तर त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: अर्जात एक रकाना "वाचनासाठी निर्वाह" असा ठेवा. आमच्यातले बरेच जण तो मागायला संकोचतात.

आज 41 वं पान झालं. 38 व्या पानावर एक शब्द आहे, तीन अक्षरांचा, मधलं अक्षर वाळवीनं खाल्लेलं. काकांच्या मते दुसऱ्या एका गावी याच ग्रंथाची आणखी एक प्रत आहे. पुढच्या सोमवारी तिथे जाते आहे.