इंदूरहून ब्रिटनच्या नर्सिंग नोंदणीकडे

माझी भाची इंदूरला परिचारिका असून तिने ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलकडे नोंदणीची तयारी चालवली आहे. सर्वांना धास्ती इंग्रजीची. आयईएलटीएस अकॅडमिक या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन, श्रवण आणि संभाषणात किमान ७, लेखनात ६.५ गुण लागतात. खरी दमछाक मात्र कागदपत्रांत होते. आपल्याकडे लग्नानंतर आडनावासोबत मधले नावही बदलते, काही घरांत तर पहिलेसुद्धा. त्यामुळे गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव, पासपोर्टवर नवऱ्याचे, आणि ‘देशपांडे’चे स्पेलिंग दोन्हीकडे वेगळे, असा घोळ उभा राहतो. विवाह प्रमाणपत्र आणि प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावे, हे माझे ठाम मत आहे.

नोंदणीसाठी नर्सिंगच्या ज्ञानाच्या दोन परीक्षा द्याव्या लागतात. त्यांतली संगणकावरील परीक्षा भारतात देता येते. तिच्यात औषधाच्या मात्रेची आकडेमोड हा स्वतंत्र भाग असतो. ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा मात्र ब्रिटनमध्येच होते. तिच्यात १० टप्पे असतात, आणि वॉर्डात मुरलेल्या परिचारिकेलाही रुग्णाला स्वतःची ओळख सांगणे, त्याची संमती घेणे, हात धुणे हे सारे परीक्षकासमोर नीट करून दाखवावे लागते. अर्ज ऑनलाइन स्वतःच भरता येतो. त्यासाठी एजंटाचे खिसे भरण्याचे कारण मला तरी दिसत नाही.