गाय बसली की संदेश का अडतो

गाईच्या हालचाली टिपून त्यांची माहिती रेडिओने पाठवणाऱ्या गळ्यातील पट्ट्याची बॅटरी किती टिकेल याचे उत्तर बहुतेक जण बॅटरीच्या क्षमतेत शोधतात. मला ते पट्टा आणि गेटवे (पट्ट्यांचे संदेश झेलून पुढे धाडणारे यंत्र) यांच्यामधल्या वाटेत सापडले. लोरासारख्या, कमी विजेत लांबवर छोटे संदेश पाठवणाऱ्या रेडिओत वेग कमी करून पल्ला वाढवता येतो, परंतु मग संदेश हवेत जास्त वेळ राहतो. हा वेग ठरवणारा आकडा म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर; तो जितका मोठा, तितका वेग कमी. तो 7 असताना दहा बाइटांचा संदेश सुमारे 60 मिलिसेकंदांत जातो, तर 12 असताना त्यालाच जवळजवळ दीड सेकंद लागतो. दर पंधरा मिनिटांनी एक संदेश आणि प्रक्षेपणाचा प्रवाह 40 मिलिअँपिअर धरला, तर पहिल्या स्थितीत वर्षाला साधारण 23 मिलिअँपिअर-तास खर्च होतात आणि दुसऱ्या स्थितीत सुमारे 580. उरलेल्या वेळी झोपलेला पट्टा 5 मायक्रोअँपिअर घेत असेल, तर त्याचा वर्षभराचा खर्च जेमतेम 44 होतो. त्यामुळे आणखी काटकसरी चिप शोधण्याआधी गेटवेचा खांब उंच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही गाय बसली की गणित बदलते. ती मान वळवून डोके कुशीवर टेकवते, अँटेना अंगाखाली दबते आणि पाण्याने भरलेले ते भले मोठे शरीर रेडिओलहरी शोषून घेते, वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्झ वारंवारतेवर हा त्रास अधिकच जाणवतो. अशा वेळी पट्ट्याने पुनःपुन्हा प्रयत्न करून बॅटरी संपवू नये, नोंद जपून ठेवावी आणि गाय उठल्यावर पाठवावी.

अर्थात नोंद लहान असेल तरच ती अशी जपता येते. रवंथ करताना जबडा सेकंदाला सुमारे एकदा हलतो, मग घास गिळून दुसरा वर येईपर्यंत काही सेकंद तो थांबतो. ही लय पट्ट्यातील त्वरणमापकाला (हालचाल टिपणाऱ्या संवेदकाला) नेमकी ओळखता येते. सगळे कच्चे आकडे हवेत सोडण्याऐवजी पट्ट्यानेच ती लय मोजून तासाभरातील रवंथीची मिनिटे तेवढी कळवली, तर एक बाइट पुरतो.

याचा खरा उपयोग मुक्या माजात, म्हणजे गाय फळण्यास तयार असूनही ते उघड दिसत नाही तेव्हा, होतो. तेव्हा जनावर हंबरत नाही, दुसऱ्यावर उडत नाही; रात्री पावले थोडी वाढतात, रवंथ घटते, एवढीच काय ती खूण असते. माज साधारण 12 ते 18 तास टिकत असल्याने तासभर उशिरा आलेला संदेशही चालतो, पण तो हरवला, तर रेतनासाठी पुढचे 21 दिवस थांबावे लागते.