म्हणे क्लीन

परवाच्या ड्रम अँड बास सेटचं रेकॉर्डिंग आज आलं. डीजे ट्यून वाजवतो, मी एमसी, त्यांच्यावर माइकवर बोलतो. दीड तासाचं. त्यात मी नाही.

सोबत मेसेज : ‘एकदम क्लीन आलंय.’

कारण साधं आहे, मला ठाऊकही आहे. रेकॉर्डर डीजे-मिक्सरच्या रेक-आउटला, म्हणजे रेकॉर्डिंगसाठीच्या आउटपुटला, लावलेला होता आणि माझा माइक त्या मिक्सरमधून जातच नाही. तो स्टेजबॉक्समधून, म्हणजे स्टेजवरच्या जोडणीच्या पेटीतून, थेट साउंडवाल्याच्या डेस्कवर जातो. तसाच जायला हवा. मध्यरात्रीनंतर डीजेच्या मिक्सरचे दिवे लालच असतात. त्यात माइक घातला की आवाज फाटतो आणि शिट्टी सुरू झाली तर दाबायला हाताशी कुणी नसतं. म्हणजे मला कुणी काढलेलं नाही. तरी क्लीन? मी काय खरकटं होतो?

तेविसाव्या मिनिटाला नवा ड्रॉप येतो, म्हणजे ट्यूनचा बास आणि ड्रम जोरात कोसळतात. आठ बार (एका बारात चार मात्रा), म्हणजे मिनिटाला १७४ मात्रांच्या लयीत अकरा सेकंद, आणि ट्यून सर्रकन उलटी फिरते. मग शांतता. मग पुन्हा पहिल्यापासून. हॉलमध्ये तेव्हा लोक खुशीने भिंतींवर हात आपटत होते, हा रिवाइंड मी मागितला होता. रेकॉर्डिंगमध्ये तो कुणीच मागत नाही. ऐकणाऱ्याला वाटेल, डीजेचा हात घसरला.

पुढे सोळा बार नुसते ड्रम. बास पूर्ण खाली. चौसष्ट मात्रा, बावीस सेकंद. ती जागा डीजेने माझ्यासाठी सोडली होती, मी समेवर उतरेपर्यंत. आता तिथे काहीच नाही. क्लीन.

नव्वदच्या दशकातल्या टेपपॅकमध्ये, म्हणजे रेव्हच्या रेकॉर्डिंगच्या कॅसेटसंचांत, उलटं असायचं. माइक इतका वर, की खालची ट्यून ओळखू येऊ नये. स्टीव्ही हायपर डी, स्किबाडी या एमसींच्या ओळी पोरांना तोंडपाठ, ट्यूनचं नाव विचारलं तर माना खाली. आणि मी राहतो ब्रिस्टलमध्ये, जिथल्या रेप्रझेंट या ड्रम अँड बास गटाने १९९७चा मर्क्युरी संगीत पुरस्कार घेतला तेव्हा डायनमाइट एमसी त्यांच्यातलाच एक होता. असो.

दुसऱ्यांदा ऐकलं. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला एक गाणारी बाई आहे. छान गाते. परवा ती मला ऐकूच आली नव्हती, कारण मी तिच्यावर बोलत होतो. डीजे बुकेमच्या सेटमध्ये त्याचा एमसी कॉनरॅड अशा जागी गप्प बसायचा. शिवाय शेवटच्या अर्ध्या तासात माइकची जाळी मी मुठीत धरली असणार. जाळीमागच्या फटी झाकल्या की माइक चहूबाजूंनी ऐकू लागतो, माझ्याकडे तोंड केलेला स्टेजवरचा स्पीकर (मॉनिटर) पकडतो, किंचाळतो. मग साउंडवाला माझा आवाज खाली ओढतो आणि मी आणखी ओरडतो. तेवढा भाग गेला ते बरंच झालं म्हणा.

आईने मागितलं होतं, ‘तुझं ते पाठव.’ त्याचं काय करायचं ते... बघू.

शनिवारसाठी : चार इनपुटचा रेकॉर्डर. दोन मिक्सरला, एक स्प्लिटरमधून (एका माइकचा सिग्नल दोन वाटांनी देणारी डबी) माझ्या माइकला, एक गर्दीकडे तोंड करून. गर्दीचा माइक स्पीकरपासून दहा मीटरवर असेल तर तो ट्रॅक २९ मिलिसेकंद अलीकडे, म्हणजे आधी वाजेल असा, सरकवायचा, नाहीतर सगळं दुहेरी वाजतं. स्प्लिटर माझा मीच न्यायचा.

आईला सध्या तेविसावं मिनिट पाठवलं. तिचा फोन आला : ‘हे मध्येच गाडी रिव्हर्स घेतल्यासारखं काय झालं रे?’

म्हटलं, तो मीच.