आधी भूक, मग डबा

नववा महिना लागला की बाळाच्या झबल्या-टोपऱ्यांआधी लाडवांच्या सामानाची यादी निघते. सांगलीच्या गणपती पेठेतून डिंक, खारीक, गोटा खोबरं, खसखस आणि गोडंबी (बिब्ब्याच्या बिया) येते. बेदाणा तासगावकडच्या पाहुण्यांचा. गूळ ओळखीच्या गुऱ्हाळावरचा, पण चिक्कीचा नव्हे. मग दोन दिवस घर तुपाच्या वासानं भरून राहतं आणि पाच किलोंचा स्टीलचा डबा गच्च होतो. लेक दवाखान्यातून घरी येते, तेव्हा डबा तिच्याआधी पलंगाशेजारी हजर. दुसऱ्या दिवसापासून सकाळी दोन लाडू, वर पेलाभर दूध. खाल्ले नाहीत तर आई हिरमुसते, खाल्ले तर पोट.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात बाळंतिणीच्या आहाराची सुरुवातच एका अटीनं होते. तिला भूक लागली आहे हे आधी ओळखावं. मग तूप, तेल यांसारखा तिला मानवणारा स्नेह द्यावा, तोही पिंपळी, पिंपळमूळ, चवक, चित्रक आणि सुंठ यांच्या चूर्णाबरोबर. तो जिरला की याच औषधांनी सिद्ध केलेली पातळ यवागू, म्हणजे पेज, आणि तीही बेतानं. सकाळ-संध्याकाळ खाण्याआधी गरम पाण्याचं स्नान. असं पाच किंवा सात रात्री सांभाळून मग क्रमाक्रमानं तिची ताकद भरून काढायची. यात पहिल्या आठवड्यात लाडू कुठंच बसत नाही. घरची जुनी रीतही निराळी नव्हती. पाचवीला सटवाईची पूजा होईतो मऊ आणि पातळच ताटात यायचं. डबा पुढे सरकला तो अलीकडे, माहेरची माया किलोवर मोजायला लागल्यापासून.

पहिल्या दिवसांत भूक मंद का असते, याची कारणं साधी आहेत. जागरण झालेलं, रक्त गेलेलं, चालणं-फिरणं नाही, त्यात लोहाच्या गोळ्यांनी शौच घट्ट आणि टाके असतील तर जोर करायची भीती. अशा पोटात तूप, खोबरं आणि गूळ एकदम गेलं की पोट तडस लागल्यासारखं होतं आणि जेवणावरची वासनाच जाते. मग ‘खात नाही म्हणून दूध कमी येतंय’ असं अनुमान निघून लाडू दोनाचे तीन होतात.

पेज करायला जुना तांदूळ घ्यावा. नव्या तांदळाची चिकट होते आणि पोटाला जड पडते. अर्धी वाटी तांदूळ कोरडाच मंद आचेवर भाजायचा, रंग बदलू द्यायचा नाही. जाडसर भरडून सहापट पाण्यात शिजवायचा. पाणी आधी उकळलेलं हवं. गार पाण्यात भरड टाकली तर तळाला बसते आणि करपते. सुंठ पाव चमचा, पिंपळी चिमूटभर, सैंधव चवीपुरतं. वरून साजूक तूप एक चमचा. भूक वाढेल तसं दोन. चित्रक मात्र घरच्या घरी घालू नये. तो फार तीक्ष्ण, त्याचं प्रमाण वैद्यानंच ठरवावं.

सुश्रुतानं यात एक भेद केला आहे आणि तो सांगली जिल्ह्याला नेमका बसतो. धन्वभूमीतल्या, म्हणजे कोरड्या मुलखातल्या बाळंतिणीला अंगात बळ असेल तर तीन किंवा पाच रात्री तूप वा तेल द्यावं आणि अशक्त असेल तर यवागू, असं तो सांगतो. काश्यपसंहिता पाणथळ मुलखासाठी सुरुवातीला स्नेह टाळून मंडावर, म्हणजे पेजेच्या वरच्या पाण्यावर, भर देते. आता जिल्ह्याचा नकाशा पाहा. पश्चिमेला शिराळा, त्यापलीकडे चांदोलीचं जंगल आणि धो धो पाऊस. पूर्वेला जत आणि आटपाडी, जिथं पाऊस येतो तो पाहुण्यासारखा. त्यामुळे जतच्या आजीचा ‘तूप सोडू नगं बाई, अंग कोरडं पडंल’ हा सल्ला जतेत बरोबर असतो. श्रावणात शिराळ्यात दिलेल्या नातीला तो तसाच लावला, तर तिला सर्दी आणि अंगात जडपणा. तिथं तूप निम्मं करून आलं-मिरी वाढवावी, पेज जास्त पातळ ठेवावी.

सुश्रुत पुढच्या पायरीवर जव, बोरं आणि कुळीथ घालून शिजवलेला जांगल (कोरड्या मुलखातल्या) प्राण्यांच्या मांसाचा रस आणि भात सांगतो. कुळीथ म्हणजे आपले हुलगे. दुष्काळी पट्ट्यात हुलग्याचं माडगं घराघरात होतं आणि मटण शिजलं की अळणी, म्हणजे मटणाचं बिनतिखट पाणी, आधी बाजूला काढली जाते. आटपाडीच्या एखाद्या आजीनं ग्रंथ हातात धरला नसेल, तरी तिच्या चुलीवर त्याच अध्यायाचा अर्धा श्लोक शिजत असतो.

माडग्यासाठी हुलगे खमंग भाजून दळावेत. भाजणं अर्धवट राहिलं की पीठ कच्चट लागतं आणि वात धरतो. दोन मोठे चमचे पीठ आधी अर्धी वाटी गार पाण्यात कालवावं, मगच दोन वाट्या उकळत्या पाण्यात ढवळत सोडावं. कोरडं पीठ सोडलं तर गुठळ्या ठरलेल्या. लिंबाएवढा गूळ, पाव चमचा सुंठ, किसलेलं सुकं खोबरं, मिठाचा कण. दहा मिनिटं मंद आचेवर. ज्यांना आंबट ढेकर आणि जळजळ होते त्यांनी हुलग्याच्या वाटेला जाऊ नये. अळणीचं म्हणाल तर आलं, लसूण, हळद आणि मीठ एवढ्यात मटण शिजवून पाणी गाळावं, निवल्यावर वर आलेली चरबी काढून टाकावी आणि पुन्हा गरम करून वाटीभर द्यावं. तर्रीचा मोह घरातल्या इतरांनी पुरवून घ्यावा.

आता लाडू. वेळ साधारण बाराव्या दिवसानंतर, भूक खणखणीत लागायला लागल्यावर. (बारशाच्या घुगऱ्या मात्र पाहुण्यांसाठी; बाळंतिणीनं त्या दातांना लावण्यापुरत्याच घ्याव्यात.) एका घाण्याला डिंक पाव किलो, खारकेची पूड आणि किसलेलं सुकं खोबरं अर्धा-अर्धा किलो, खसखस आणि गोडंबी शंभर-शंभर ग्रॅम, सुंठ तीस ग्रॅम, एक जायफळ, गूळ पाऊण किलो, तूप अर्धा किलो.

सगळं यश डिंकावर. तो दोन दिवस उन्हात वाळवावा, मोठे खडे फोडून हरभऱ्याएवढे करावेत. खडे लहान-मोठे राहिले तर बारीक जळतात आणि जाड आतून कच्चे राहतात. कच्चा डिंक दाताला असा चिकटतो की तोंड उघडायला वेळ लागतो. तूप मध्यम तापलेलं हवं. एक खडा टाकून पाहावा, तो लगेच वर येऊन लाहीसारखा फुलला पाहिजे. तळाशी बसून तूप पीत राहिला तर आच कमी, झटकन लाल झाला तर जास्त. मूठभरापेक्षा अधिक एका वेळी टाकू नये, तूप थंडावतं. खोबरं आधी दाताखाली तपासावं, कारण एक खवट वाटी सगळा डबा नासवते. गोडंबी पांढरी, स्वच्छ घ्यावी. बिब्ब्याचं तेल लागून राहिलेली असेल तर ओठांना फोड येतात. गुळाचा पाक करायचा नसतो. थोड्या तुपावर तो फक्त वितळला, कडेला बारीक फेस आला की खाली उतरवायचा. पुढे गेला की लाडू फोडायला बत्ता लागतो.

या मापात चाळीस ग्रॅमचे पासष्ट-सत्तर लाडू होतात. पहिला आठवडा रोज अर्धा, पुढे एक, असा हिशेब धरला तर एक घाणा दोन महिने पुरतो. एका लाडवात दोनशेच्या आसपास उष्मांक असतात आणि पहिल्या सहा महिन्यांत अंगावर पाजणाऱ्या आईला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार रोज सहाशे उष्मांक जादा लागतात. म्हणजे तीन लाडवांत काम भागतं आणि भाकरी, डाळ, शेपू, मेथी, अंडी या सगळ्यांना सुट्टी मिळते, असं कुणी म्हणेल. प्रथिनं आणि लोह कुठून यायचं, ते मग त्यानंच सांगावं.

अळिवाला एवढे सोपस्कार नाहीत. एक चमचा अळीव नारळाच्या पाण्यात दोन-तीन तास भिजवले की फुगून बुळबुळीत होतात, मग दूध-गूळ घालून खीर. न भिजवता शिजवले तर मऊ होत नाहीत. दूध वाढतं ते मुख्यतः बाळ नीट आणि वरचेवर ओढतं तेव्हा. खीर त्याला हातभार.

पाण्याबाबत मात्र जुनी रीत मोडलेलीच बरी. ‘पाणी पिऊन पोट सुटतं’ म्हणून घोट मोजून देणारी घरं अजून आहेत. पाजणाऱ्या आईला तहान जास्त लागते आणि पाणी कमी झालं की पहिला फटका शौचाला बसतो. उकळून कोमट केलेलं, हवं तर बाळंतशेपा घातलेलं, पण पोटभर द्यावं. रात्री भिजवलेले दहा-पंधरा बेदाणे सकाळी, आणि झोपताना गरम दुधात चमचाभर तूप. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नाही.

बाजेखालची शेगडी खोलीला ऊब देते, धुरी ओव्याचा वास देते. बंद खोलीत कोळसा धुमसला की विषारी वायू साचतो, तो डोळ्यांना दिसत नाही आणि बाळाला आधी बाधतो. शेक घ्यायचा तर गरम पाण्याच्या पिशवीनं घ्यावा. पोटपट्टा चरकातही आहे. रिकाम्या झालेल्या पोटात वायूला जागा मिळू नये म्हणून तेल-तूप लावून स्वच्छ कापडानं बांधायचं. जुन्या मऊ लुगड्याचा पट्टा झोपून, खालून वर बांधावा; श्वास अडेल इतका आवळू नये. सिझेरियन असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हाच, आणि टाक्यांच्या जागी मालीश नाही.

ताप आला की ‘वारं धरलं’ म्हणून लसूण-ओवा सुरू होतो. अडतीस अंश सेल्सिअसच्या वर ताप, घाण वासाचा स्राव किंवा तासाभरात भिजणारं पॅड यांतलं काहीही असलं तरी त्याच दिवशी दवाखाना.

काष्ठौषधीच्या दुकानात बाळंतकाढ्याच्या बाटल्यांवर १, २, ३ असे आकडे असतात. दुकानदार तिन्ही एकदम बांधून देतो आणि घरी जी आधी हाताला लागेल ती उघडली जाते. आकडे क्रमाचे आहेत, ताकदीचे नव्हेत. मात्रा वैद्यांकडून ठरवून घ्यावी, काढा जेवणानंतर तितकंच पाणी घालून द्यावा. आसव-अरिष्टांत, म्हणजे आंबवून केलेल्या औषधांत, थोडं मद्य तयार झालेलं असतं, तेव्हा ‘औषधच तर आहे’ म्हणून वाटीनं ओतू नये.